पोट दाबताना कुठे बघायचं

रविवार, रात्री उशिरा

लेक, मनू, संध्याकाळीच हॉस्टेलला गेली. ओटा आवरून झाला, दूध विरजलं, तरी मी तेच धरून बसले आहे.

झालं काय, तर काहीच नाही. ती एमबीबीएसला, सध्या सर्जरीची पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातली पाळी, चालू आहे, तिला पोट तपासायचा सराव हवा होता. मला दिवाणावर आडवं केलं. उजव्या बाजूला उभी राहिली, तळहात चोळून गरम केले, मला गुडघे दुमडायला लावले. मग उजव्या अंगाने खालून वर हात सरकवत, 'श्वास घे… सोड.' आणि सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. हाताकडे नाही, मोबाइलकडे नाही. नीटच्या क्लासपासून पोरीची मान वर दिसली नव्हती. मला भरूनच आलं. म्हटलं, "काय गं, काय बघतेस एवढं?"

"चेहरा. दुखलं की आधी चेहऱ्यावर दिसतं. हाताकडे बघत बसलं तर सर ओरडतात."

हात्तिच्या!

म्हणजे ते बघणं माझ्यासाठी नव्हतंच. परीक्षेतही म्हणे हे बघतात. दिंडोरी रोडने जाताना आरोग्य विद्यापीठ आलं की मी रिक्षातून हात जोडते, हिचा निकाल तिथून लागतो म्हणून. आता माझ्याकडे बघण्याचाही निकाल तिथूनच.

साडेचार वर्षं, वर इंटर्नशिपचं एक. काय काय शिकवतात! पहिल्या वर्षी देहदान केलेल्यांपुढे शपथ. पेशंटशी कसं बोलायचं, वाईट बातमी कशी सांगायची, यासाठी २०१९ पासून एटकॉम म्हणून वेगळा अभ्यासच आहे. शिवाय तब्येतीवर लक्ष ठेवायला गावातली कुटुंबं दत्तक. तिकडच्या एका आजींचं बीपी हिला तोंडपाठ. माझ्या गोळीचं नाव विचारा!

जाऊ दे. सिन्नरच्या जागेचा दुखरा विषय मी काढणार होते, तोही राहिला. तिनेही काही विचारलं नाही. जिथे दुखतं तिथे हात सगळ्यात शेवटी लावायचा, हेही शिकवलंय त्यांना. बहुतेक त्यातलंच.

पण मघापासून एक गोष्ट आठवतेय. लहानपणी पाहुणे आले की मीच हिला ढकलायचे, 'पड पाया.' तेव्हा कुठे मनापासून पडायची? एक डोळा चिवड्यावर. तरी मागच्या वर्षी मामंजी आजारी होते, तर बॅगही न ठेवता आधी त्यांच्या पायांशी गेली. कुणी सांगितलं नव्हतं. मग सरांच्या धाकाने का होईना, बघते आहे पोरगी. ते मोठे डॉक्टर, ज्यांच्याकडे दोन तास ताटकळून आपण आत जातो, ते रिपोर्टवरून मान तरी उचलतात का? त्यांना कुणी ओरडलं नसेल.

आणि बघितलं ते माझ्याच तोंडाकडे ना.

निघताना हे म्हणाले, "आमचं पोट का नाही तपासलं?"

"बाबा, तुमच्या पोटात लिव्हर सापडेपर्यंत माझी परीक्षा संपेल!"

पुढच्या रविवारी यांच्या गुडघ्यांवर हातोडी आहे. मी आत्तापासूनच सांगून ठेवलंय, पाय उडाला तर समोर टीपॉय नको, काच आहे.