दुसरी ओळ: ब्लूज-कवितेचा पाचवा महिना

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं; त्याच्या साच्यात मराठी कविता लिहून बघतेय. पाच महिन्यांत अकरा कडवी लिहून झाली, त्यातली नऊ मीच बाद केली. मागच्या खेपेला ‘यमक जमायला लागलंय’ अशी फुशारकी मारली होती, ती मागे घेते. यमक जमत नव्हतं, नुसती क्रियापदं जुळत होती. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे ‘गेला’ म्हटलं की ‘आला’ आणि ‘मेला’ हात जोडून उभेच. मग तिसरी ओळ ऐकणाऱ्याला आधीच कळते, आणि ब्लूजची सगळी गंमत तर तिसऱ्या ओळीत. आता नियम केलाय: ओळीच्या शेवटी शक्यतो नाम.

साचा तुम्हाला ठाऊक आहेच. एक ओळ, तीच पुन्हा, मग यमकानं बांधलेली तिसरी. अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूजनं १९२७ च्या आपल्या संग्रहाच्या सुरुवातीला छोटी टीप देऊन हेच सांगितलंय, आणि दुसरी ओळ कधी कधी किंचित बदलते असंही लिहून ठेवलंय. ते ‘किंचित’ मी चार महिने वाचून सोडून देत होते. दुसरी ओळ म्हणजे कॉपी-पेस्ट, असाच माझा समज.

डोळे उघडले ते पेटीमुळे. ब्लूजचं बारा बारचं चक्र (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक तुकडा) वाजवून बघत होते: डावा हात भात्यावर, उजव्यानं तीन-तीन पट्ट्या एकदम दाबायच्या, म्हणजे कॉर्ड. पहिली ओळ चार बार सा-च्या कॉर्डवर. दुसरी सुरू होताच कॉर्ड म-वर जाते, दोन बारांनी परत सा. तिसरी प-वरून म-वर उतरत सा-वर घरी येते. (कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला तो रडवा सूर पेटीत सापडत नाही. कॉर्डपुरती मात्र पेटी चालते.) एक ओळ म्हटली, तीच पुन्हा म्हणायला घेतली, आणि बोटं म-वर गेल्याबरोबर तेच शब्द वेगळे वाटायला लागले. पहिल्यांदा ती बातमी होती, दुसऱ्यांदा तक्रार झाली.

कागदावर कॉर्ड नसते. मग ते काम शब्दांनीच करायला हवं, आणि मराठीत शब्द मागेपुढे करायला भरपूर मोकळीक आहे. शिवाय जात्यावरच्या ओव्या आठवल्या. त्यांत ‘सांगते बाई तुला’ असं मध्येच येतं. अर्थात त्यानं फारशी भर पडत नाही, पण दळणारीला पुढचं जुळवायला सवड मिळते आणि ऐकणारीला हाक पोचते. ब्लूज गाणारे ‘बेबी’ आणि ‘लॉर्ड’ अशाच जागी टाकतात. मी ‘बाई’ उचलला.

घटना माझी नाही, ऐकलेली:

घरमालकानं कुलूप बदललं, किल्ली माझ्या हातात,
बदललं बाई कुलूप त्यानं, जुनीच किल्ली हातात,
चार वर्षं भाडं भरलं, आता जिन्यात खाते भात.

तिसरी ओळ आधी अशी होती: ‘चार वर्षांच्या आठवणी अडकून पडल्या आत घरात.’ यमक चोख, पण ‘आठवणी’ आल्या आणि ब्लूज उठून गेला. ब्लूज गायिका बेसी स्मिथनं फेब्रुवारी १९२७ मध्ये पुरावर गाणं रेकॉर्ड केलं. त्यात पाच दिवस पाऊस पडतो, होडी येते, बाई कपडे बांधून होडीत टाकते: सगळं डोळ्यांपुढे दिसतं. मला तीन दिवस लागले जिन्यातला भात सापडायला.

मोठ्यानं म्हणताना एक अडचण आली. गाण्यात शब्द चारातल्या साधारण अडीच बारांत संपतात, उरलेल्या जागेत गिटार उत्तर देते. मी ती जागा न सोडता धाडधाड वाचत सुटत होते. ह्यूज प्रत्येक ओळ मधोमध तोडून कडवं सहा ओळींचं करतो, ते मला उगाच जागा अडवणं वाटायचं. आता ‘बदललं’नंतर थांबते, टेबलावर दोन टिचक्या, मग ‘किल्ली’. बरं लागतं. सहा ओळींत लिहून अजून पाहिलेलं नाही.

दुसऱ्या कडव्यात अडकलेय:

वरच्या काकू वाकून म्हणतात, मीठ आहे का भातात,
मीठ तरी आहे का गं बाई, विचारतात काकू, भातात,

तिसरीसाठी ‘ताटात’, ‘वाटेत’, ‘वरातीत’ सगळं झालं. काकूंना मीठ घेऊन खाली यायला लावावं की वरूनच टाकायला लावावं, हेच ठरत नाहीये.