तेवढी कुरकुर ऐकू आली पाहिजे

मी लिव्हरपूलजवळ एका सरकारी हॉस्पिटलात ऑडिओलॉजिस्ट आहे, नऊ वर्षं झाली. मूळची चिपळूणची, शिक्षण मुंबईत. आई अजून सगळीकडे "कानाची डॉक्टर" म्हणून सांगते आणि मी डॉक्टर नाही हे तिला समजावणं मी केव्हाच सोडून दिलंय. काम म्हणजे कान तपासायचे, मशीन बसवायचं, सेटिंग करायचं, मग परत यायला सांगायचं. पेशंट बहुतेक सत्तरीच्या पुढचे आणि तक्रारीही ठरलेल्या. टीव्हीचं कळत नाही, नातवंडं भरभर बोलतात, बायको पुटपुटते. बायको शेजारीच बसलेली असते आणि ती अजिबात पुटपुटत नसते.

तर हे गेल्या वर्षीचं, म्हणजे जुलै २०२५ चं. पेशंटची ओळख पटेल असं काही लिहीत नाही, एकदोन गोष्टी मुद्दाम बदलल्यात. ऐंशी पार केलेले एक आजोबा (इकडे सगळ्यांना पहिल्या नावानेच हाक मारायची, पण माझ्या मनात ते आजोबाच) मुलीबरोबर आले होते. मशीन मिळून दोन महिने झालेले, नेहमीचा फॉलोअप. मी विचारलं कसं चाललंय, ते म्हणाले उत्तम, मुलगी म्हणाली उत्तम, मला वाटलं चला, वीस मिनिटांत मोकळी, जेवायला वेळेवर जाता येईल. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "एकच गोष्ट आहे लव्ह (इकडे कुणालाही असंच म्हणतात), मला कुरकुर ऐकू येत नाही."

आमच्याकडे लोक उलटी तक्रार घेऊन येतात. मशीन शिट्टी मारतं, कुरकुरतं, खरखरतं, ते बंद करा. कुरकुर ऐकू येत नाही म्हणून आलेला हा माझ्या नोकरीतला पहिलाच माणूस. मी म्हटलं कसली कुरकुर, तर ते म्हणाले, "ख्रिसच्या पेडलची."

मुलीने डोळे फिरवले. घरी हे बरेच दिवस चालू असणार.

आता इथे थोडं मागे जायला लागेल. द सर्चर्स नावाचा लिव्हरपूलचा ग्रुप, बीटल्सच्याच गल्लीतला म्हणा. जॉन मॅकनॅलीने १९५७ मध्ये स्किफल, म्हणजे साध्या घरगुती वाद्यांवर गाणी वाजवणारा ग्रुप म्हणून सुरू केला, नाव जॉन वेनच्या एका वेस्टर्न सिनेमावरून. मग गिटारवर माइक पेंडर, बेसवर टोनी जॅक्सन आणि ड्रमवर ख्रिस कर्टिस. आजोबा यांना ऐकायला टेंपल स्ट्रीटवरच्या आयर्न डोअर क्लबमध्ये जायचे. लिव्हरपूल म्हटलं की सगळे बीटल्सच्या त्या कॅव्हर्न क्लबचं कॅव्हर्न कॅव्हर्न करतात, आजोबांना त्याचा भयंकर राग, ते म्हणाले टुरिस्ट लोकांनी कॅव्हर्नला जावं. याच आयर्न डोअरमध्ये सर्चर्सनी एक टेप करून कंपन्यांना पाठवली, ती पाय रेकॉर्ड्स कंपनीच्या टोनी हॅच या निर्मात्याला पसंत पडली आणि ऑगस्ट १९६३ मध्ये 'स्वीट्स फॉर माय स्वीट' थेट नंबर वन. पुढचं गाणं 'शुगर अँड स्पाइस' हॅचने स्वतःच लिहिलं आणि दुसऱ्याच नावाने त्यांच्या गळ्यात मारलं. ते दोन नंबरला गेलं. आणि जानेवारी १९६४ मध्ये आलं 'नीडल्स अँड पिन्स'. परत नंबर वन.

तर या 'नीडल्स अँड पिन्स'च्या रेकॉर्डमध्ये ड्रमच्या पायाखालचं पेडल कुरकुरतं, सुरुवातीला तर चांगलं स्पष्ट. बेस ड्रमवर पायाने ठोका देताना ते बिजागर करकरतंय आणि ते तसंच्या तसं छापलं गेलंय, लाखो लोकांनी विकत घेतलंय. आजोबांना ते ऐकायचं होतं.

मी म्हटलं लावा, माझ्या कॉम्प्युटरवर लावलं. स्पीकर आमच्या डिपार्टमेंटचे, म्हणजे विचारू नका, कान तपासणाऱ्या खात्याला इतके फडतूस स्पीकर कुणी दिले असतील. गाणं सुरू झालं, गिटार छान खणखणीत वाजतायत, आणि मला कसलीच कुरकुर ऐकू येईना. माझे कान अगदी ठणठणीत आहेत, दर वर्षी तपासते. आजोबा माझ्या तोंडाकडे बघतायत. मी परत लावलं. तिसऱ्या वेळी आजोबांनी टेबलावर बोट ठेवून मला दाखवलं की इथे, इथे, इथे, आणि मग एकदम सापडलं ना! आमच्या चिपळूणच्या घरी ओटीवर झोपाळा होता, पावसाळ्यात त्याच्या कड्या गंजायच्या आणि दर झोक्याला कुईं कुईं करायच्या, बाबा तेल घालायचे आणि आजी म्हणायची घालू नका, पोर झोपाळ्यावर आहे की विहिरीवर गेलंय ते मला आतून कळतं. तस्संच. एकदा कळल्यावर मला गाण्यात दुसरं काही ऐकूच येईना.

म्हणजे बघा, ऐकू न येणाऱ्या माणसाने ऐकू येणाऱ्या बाईला दाखवलं. त्यांना ते आठवत होतं, ऐकू येत नव्हतं.

त्यांचा ऑडिओग्राम, म्हणजे कुठला सूर किती ऐकू येतो त्याचा आलेख, समोरच होता. १००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे खालच्या सुरांना, वयाच्या मानाने बरा, २००० पासून घसरगुंडी आणि ४००० ला दरीत. हा खड्डा आमच्या ओळखीचा, मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांचा असतो. आजोबांचं म्हणणं कान क्लबमुळे गेले, माझं म्हणणं जहाजबांधणीतल्या तीस वर्षांमुळे, लोखंडावर हातोडे चालतात तिथे, आणि त्या काळात कानात बोळे कोण घालतंय. पण क्लबमुळे गेले असं म्हणायला त्यांना बरं वाटत होतं, मी वाद घातला नाही.

मशीनचा प्रॉब्लेम असा की ते बोलण्यासाठी बनवलेलं असतं. माणसाचं बोलणं समजलं पाहिजे, बाकीचं सगळं त्याच्या दृष्टीने कचरा. पंखा, ट्रॅफिक, भांडी हे दाबून टाकतं. त्यात परत शिट्टीचं लफडं असतं, म्हणजे मशीनचा स्पीकर कानात आणि मायक्रोफोन बाहेर, जेमतेम बोटभर अंतर, आतला आवाज बाहेर येऊन परत मायक्रोफोनमध्ये शिरला की शिट्टी वाजते. म्हणून आत एक सिस्टिम बसवलेली असते की बारीक, उंच, शिट्टीसारखं काही दिसलं की दाब. ती बिचारी बासरीलाही शिट्टी समजते, मग पेडलच्या कुरकुरीचं काय घेऊन बसलात.

पण आधी मला खात्री करायची होती की ऐकू येत नाही म्हणजे नक्की येत नाही का, की अधूनमधून येतं. आमच्या धंद्यात हा नेहमीचा घोळ आहे, पेशंटला बटण दाबायची घाई असते, बीप वाजायच्या आधीच दाबतात, म्हणून आम्ही मध्येच लांबलचक थांबतो. मी फोनवर गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा दोन प्रकारे करून घेतला, एक आहे तसा आणि एक इक्वलायझरने वरचे सूर पार कापलेला, त्यात कुरकुर शिल्लकच नाही. म्हटलं डोळे मिटा, कुरकुर आली की बोट वर. उलटसुलट चार वेळा लावलं.

चारही वेळा बोट वर. ठेक्यात, अगदी अचूक, कुरकुर नसलेल्या तुकड्यात सुद्धा.

मी दोन मिनिटं गप्प बसले. मुलगी माझ्याकडे बघत होती, तिला कळलं होतं. सांगावं की नाही, कारण म्हाताऱ्या माणसाला "तुम्हाला भास होतोय" सांगणं काही बरं नाही, पण न सांगून सेटिंग कसं करणार. मी सांगितलं. ते खो खो हसले. म्हणाले, "अगं साठ वर्षं डोक्यात वाजतंय ते, कानाची गरजच काय. पण मला डोक्यातलं नकोय, बाहेरचं पाहिजे."

मग कळलं की आजोबा स्वतः ड्रम वाजवायचे. त्यांचा पण ग्रुप होता. त्या काळात लिव्हरपूलमध्ये असे शेकडो ग्रुप होते, त्यांच्या बातम्या द्यायला मर्सी बीट नावाचं वेगळं पेपर निघायचं, १९६१ पासून. यांच्या ग्रुपची रेकॉर्ड कधी निघाली नाही. सेकंडहँड घेतलेलं पेडल कुरकुरायचं, गिटारवाला रोज शिव्या द्यायचा की तेल घाल, तेल घाल. आणि मग 'नीडल्स अँड पिन्स' आलं. "मी त्याला रेकॉर्ड ऐकवली आणि म्हटलं, घे, ही कुरकुर देशात नंबर वन आहे. त्यानंतर मी कधीच तेल घातलं नाही." त्याच वर्षी लग्न ठरलं, जहाजाच्या कामाला लागले, ड्रम विकले.

मी कामाला लागले. म्युझिकसाठी वेगळा प्रोग्रॅम बनवला, नॉइज रिडक्शन बंद, शिट्टी दाबणारी सिस्टिम अगदी कमीवर, कानात उघडा डोम (मशीनचं कानात जाणारं मऊ टोक) होता तो काढून घट्ट बसणारा घातला, नाहीतर खालचे सूर बाहेर गळतात आणि वरचे वाढवले की शिट्टी. मग कानाच्या पडद्याजवळ केसासारखी बारीक नळी सरकवून आत खरंच किती आवाज पोचतोय ते मोजायचं. याला वेळ लागतो आणि पेशंटने हलायचं नसतं, पण आजोबांचं तोंड सुरू.

ते सांगत होते टोनी जॅक्सनचं, पहिल्या हिट गाण्यात आवाज त्याचा, आणि 'नीडल्स अँड पिन्स' गायला पेंडर, मग जॅक्सन १९६४ मध्येच बाहेर पडला आणि फ्रँक अ‍ॅलन आला. अमेरिकेत टीव्हीवर एड सुलिवानचा शो झाला, 'लव्ह पोशन नंबर नाइन' तिकडे तीन नंबरपर्यंत गेलं. त्यांच्या गिटारचा तो खणखणाट लोकांना बारा तारांचा वाटायचा, असायच्या दोन साध्या सहा तारांच्या एकावर एक, पण पुढे अमेरिकेत बर्ड्स नावाच्या ग्रुपने तोच नाद उचलला. आणि ख्रिस कर्टिस १९६६ मध्ये ग्रुप सोडून गेला. त्यानंतर एक नवीन ग्रुप जमवायची आयडिया त्याच्या डोक्यात आली, कीबोर्डवाल्या जॉन लॉर्डला वगैरे त्यानेच गोळा केलं, त्यातून पुढे डीप पर्पल हा मोठा रॉक ग्रुप उभा राहिला पण तोवर हा बाहेर. शेवटी इनकम टॅक्सच्या ऑफिसात नोकरी धरली आणि एकोणीसेक वर्षं केली. मी नळी धरून हसायला लागले, नळी हलली, परत पहिल्यापासून मोजायला लागलं. नंबर वन गाण्यांचा ड्रमर टॅक्सच्या फायली बघतोय! आजोबांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. म्हणाले पेन्शन होती. २००५ मध्ये तो वारला.

ग्रुप मात्र चालूच राहिला, हेच मला खरं आश्चर्य वाटतं. १९६६ नंतर एकही मोठं हिट नाही, तरी क्लबमध्ये, जेवणाच्या टेबलांमधून, जुन्या गाण्यांच्या टूरवर वाजवतच राहिले. १९७९ आणि १९८१ मध्ये दोन नवीन अल्बम काढले, ऐकणारे म्हणतात चांगले आहेत, खपले नाहीत. १९८५ मध्ये पेंडर निघून गेला आणि त्याने आपल्या नावाचे वेगळे सर्चर्स काढले, म्हणजे आपल्याकडे भावाभावांत वाटणी झाली की एकाच रस्त्यावर 'मूळ' आणि 'जुने' अशा दोन मिसळी होतात तसं. २०१७ मध्ये मॅकनॅलीला स्ट्रोक आला, तरी परत उभा राहिला. २०१९ मध्ये बंद केलं, मग परत सुरू केलं, आणि शेवटचा कार्यक्रम जून २०२५ मध्ये ग्लॅस्टनबरीच्या मोठ्या संगीत महोत्सवात, मॅकनॅली ८३ वर्षांचा, अ‍ॅलन ८१. सुरुवातीपासून मोजलं तर ६८ वर्षं. आजोबांनी ती बातमी टीव्हीवर पाहिली, सबटायटल लावून. आणि तेव्हापासून कुरकुरीचा धोशा घेतला होता, असं मुलगी म्हणाली.

सेटिंग झालं. परत डोळे मिटले, परत चार तुकडे. पहिला कुरकुरीचा, बोट वर. दुसरा कापलेला. बोट वर आलं, अर्ध्यावर थांबलं आणि खाली गेलं. तिसरा पण कापलेला, हात टेबलावरच. चौथा कुरकुरीचा होता, तेव्हा बोट नाही आलं, उजव्या पायाची टाच खालीवर व्हायला लागली, बुटाने फरशीवर. मी ते बरोबर धरलं. असला प्रयोग कुणी छापणार नाही मला माहितीय.

डोळे उघडून म्हणाले, "किती घाण आवाज आहे गं." आणि खिशातून रुमाल काढला. मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली. मी बॅटरीची पाकिटं मोजायला घेतली, ती मोजायची काही गरज नव्हती. जेवायची वेळ कधीच उलटून गेली होती आणि बाहेर पुढचे दोन पेशंट ताटकळत होते.

घाईघाईत मी सिस्टिममध्ये नोट टाकली. "पेशंटला आता कुरकुर ऐकू येते. दोघेही समाधानी." आणि पुढच्याला आत घेतलं.

तीन आठवड्यांनी आजोबांच्या मुलीचा फोन आला. आमच्या डिपार्टमेंटकडून त्यांना पत्र गेलं होतं. माझी ती नोट कुणीतरी वाचली, वाचणाऱ्याला वाटलं मशीन बिघडलंय, आणि दुरुस्तीची अपॉइंटमेंट परस्पर देऊन टाकली, मशीनच्या कुरकुरीबद्दल दिलगिरी व्यक्त करून, येताना दोन्ही मशीनं घेऊन या. मी म्हटलं सॉरी, मी आत्ता कॅन्सल करते. ती म्हणाली कॅन्सल करा, पण पत्र परत मागू नका, बाबांनी ते फ्रिजवर लावलंय.