तेरची पांढर

लातूरहून मुरूड, ढोकी करत तेर गाठलं. आमच्या गटात शाळामास्तर आहेत, एक निवृत्त तलाठी आहेत, कॉलेजची पोरं आहेत. वेड सगळ्यांना एकच, जुन्या वाटांचं. आणि मराठवाड्यात जुनी वाट म्हटली की आधी तेर.

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात हे गाव 'तगर' नावाने येतं. गुजरातमधल्या भडोचहून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेकडे १० दिवसांवर तगर. इथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायचं. तगर म्हणजेच तेर, हे पुरालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं.

त्रिविक्रमाच्या देवळाला आम्ही आधी मागून वळसा घातला. तेच बरोबर. पुढून ते साधं देऊळ वाटतं, मागे गेलं की विटांची गोल पाठ आणि वरचं गजपृष्ठाकार छप्पर दिसतं. बौद्ध चैत्याची ही घडण! आत मात्र पाय उचललेला त्रिविक्रम, म्हणजे विष्णू उभा. गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेऊन तेरणेच्या काठाने पांढरीवर गेलो.

पांढर म्हणजे गावाबाहेरच्या टेकाडांची ही राखट माती, शेकडो वर्षांच्या वस्तीचा थर. पावसाने धुपलेल्या कडेला खापरं सरळ ओळीत डोकावत होती, मध्ये राखेचा बोटभर काळा पट्टा. आम्ही उकिडवे बसून बघत होतो तेवढ्यात एक आजोबा थांबले.

"काय हुडकायलाव?"

"खापरं बघायलोत, आजोबा. उचलत नाही."

"आमच्या माळवदावर हीच माती हाय. पाणी गळत नाही हिच्यातनं."

माळवदासाठी, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरासाठी, पिढ्यान् पिढ्या पांढर खणली गेली. त्यांना दोष कसा द्यायचा? आता माळवदं जाऊन स्लॅब आले, तरी टेकाडं उकरणं थांबलेलं नाही याचं मात्र वाईट वाटतं. खापर जागेवर असेल तरच त्याचा थर कळतो, काळ कळतो. खिशात घातलं की ते नुसतं फुटकं मडकं.

रामलिंगप्पा लामतुरे यांनी या मातीतल्या वस्तू आयुष्यभर जपल्या, म्हणून गावात आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती बघताना आम्ही सगळे गप्प झालो. एवढीशी मूर्ती, पण दागिने किती बारीक! इटलीत पॉम्पेईच्या राखेतून १९३८ मध्ये निघालेली मूर्ती हिचीच बहीण शोभते.

चहाच्या टपरीवर तलाठीकाकांनी नकाशा पसरला. पैठण-तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटर. लादलेली बैलगाडी दिवसाला पाच-सहा कोस जाते, म्हणजे वळणं धरून १० दिवस बरोबर बसतात. मग वाद पेटला तो बालाघाटावरून: गाड्या डोंगर चढल्या कुठून? काका म्हणाले, बीडकडून. मास्तरांचं बोट आणखी पश्चिमेला. पुढची फेरी पैठणच्या बाजूने काढायची, गोदाकाठ सोडून घाटाच्या पायथ्यापर्यंत पायी, असं तिथेच ठरलं.