वेन: एका शब्दामागे तिसरा आठवडा

मंडळी, आधी मागच्या नोंदीतली दुरुस्ती. वेन (wain) हा गाडीसाठीचा जुना इंग्लिश शब्द म्हणजे वॅगनचं कवितेत बसावं म्हणून आखूड केलेलं रूप असं मी लिहिलं होतं, ते चुकीचं आहे. वेन हाच इंग्लिशचा घरचा शब्द, आणि वॅगन मागाहून, साधारण सोळाव्या शतकात डचांकडून आला. म्हणजे दोघे सख्खे भाऊच, फक्त एक घरी वाढला आणि एक परक्या गावी.

हे पटलं कधी, तर जर्मन शब्द एकाखाली एक लिहून काढले तेव्हा. रेगन, नागल, वागन. शेजारी इंग्लिश रेन, नेल, वेन! तिन्हीत मधला ग मऊ होत होत विरघळला. वहीचं ते पान मी दिवसभर उघडंच ठेवलं होतं.

वापराचं म्हणाल तर शेतातला माल वाहायची जड गाडी, बहुतेक चार चाकांची. आता बोलण्यात तो शब्द नाही, कवितेत आणि नावांत उरलाय. वेनराइट आडनाव म्हणजे गाड्या बनवणारा. जॉन कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकाराचं १८२१ चं ते प्रसिद्ध चित्र, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं, स्टूर नदीच्या पाण्यात उभी असलेली रिकामी गाडी, तीन घोडे, काठावर कुत्रा, त्याचं चित्रकारानं दिलेलं नाव होतं 'लँडस्केप: नून' आणि 'द हे वेन' (म्हणजे गवताची गाडी) हे नंतर चिकटलं. आज कित्येकांना वेन हा शब्द माहीत असतो तो या चिकटलेल्या नावामुळेच.

पण मला सगळ्यात आवडलेला वापर आभाळातला. आपले सप्तर्षी म्हणजे इंग्रजांचा 'चार्ल्सेस वेन', चार ताऱ्यांची गाडी आणि तीन ताऱ्यांची दांडी. शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा' नाटकाच्या पहिल्या भागात एका सराईच्या अंगणात पहाटे ओझी नेणारा माणूस वर बघतो, वेन नव्या धुराड्यावर आलाय, म्हणजे चार वाजले आणि घोड्यावर अजून माल लादलेला नाही. घड्याळाशिवाय वेळ कळायची ती अशी. होमरनेही त्याच ताऱ्यांना अस्वल आणि गाडी अशी दोन्ही नावं दिलीत.

आणि आता जे सांगायला ही नोंद लिहायला बसलो ते. वेनचं मूळ आणि आपल्या वाहनातला, विवाहातला 'वह्' धातू एकच. मग म्हटलं गाडीचे बाकीचे भाग पण बघू, तर व्हील आणि चाक एकाच मुळाचे, अ‍ॅक्सल आणि आस एकाच मुळाचे, योक आणि जू पण! अख्खी बैलगाडीच दोन्ही घरांत एकाच ठिकाणाहून आलीय, चाकापासून जुवापर्यंत. अंगावर काटा आला खरंच.

पुढच्या आठवड्यात चाकाचे भाग घेतोय, आरे आणि धाव माझ्याकडे आहेत, तुमच्या गावाकडे बाकीच्या भागांना काय म्हणतात ते कळवा, आणि घरात कुणी आजोबा गाडी हाकलेले असतील तर त्यांनाच विचारा.