अर्धी शेगडी भांड्याच्या बुडात

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा 42-43 अंशांवर चढला, की दुपारच्या स्वयंपाकाला उभ्या राहणाऱ्या माणसाची पंचाईत होते. पंखा लावावा तर गॅसची ज्योत फडफडते, आणि बंद ठेवावा तर भाकऱ्या थापता थापता आपणच भाजून निघतो. तीन वर्षांपूर्वी जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी इंडक्शनची शेगडी आली, ती या एका कारणासाठी. गॅस किती वाचेल आणि विजेचे बिल किती वाढेल, हे हिशेब आम्ही नंतर केले. पंख्याखाली उभे राहून आमटी करता येईल, एवढेच तेव्हा डोक्यात होते.

शेगडी खोक्यातून काढून ओट्यावर मांडली, तेव्हा सासूबाईंनी तिच्या काळ्या काचेकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "जाळच दिसत नाही, तर हात कुठं लावायचा अन् कुठं नाही, हे कळायचं कसं गं?" मी हसून विषय टाळला. पुढच्या काही महिन्यांत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतल्या बहुतेक या प्रश्नाचे उत्तर वेळेवर न शोधल्यामुळेच झाल्या, हे आता कबूल करायला हवे.

गॅसवर उष्णता ज्योतीत तयार होते आणि मग भांड्याला लागते. इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेचे एक सपाट वेटोळे असते, त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो, आणि त्यामुळे निर्माण होणारे बदलते चुंबकीय क्षेत्र वर ठेवलेल्या लोखंडी भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उत्पन्न करते. बुडाचा धातू या प्रवाहांना अडवतो आणि त्या अडवणुकीतूनच बूड तापते. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवून दिलेले आणि आपण शाळेत परीक्षेपुरते पाठ केलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. काच स्वतःहून तापत नाही. तिला धग लागते ती वरच्या भांड्याची. म्हणजे ओट्यावर दिसते ती अर्धीच शेगडी असते आणि उरलेली अर्धी भांड्याच्या बुडात असते, म्हणून भांडे चुकीचे निघाले तर कितीही महागाची शेगडी नुसती पीं-पीं करत बसते.

पहिल्याच दिवशी आमच्या मांडणीवरची निम्मी भांडी बाद झाली. पितळी पातेली, तांब्याच्या बुडाची एक कढई, हिंडालियमचे टोप आणि सासरे पहाटे ज्यात चहा करतात ते जर्मनचे जुने पातेले, यांतले एकही शेगडीने ओळखले नाही, कारण या धातूंना चुंबक धरत नाही आणि घरगुती शेगडीला लागतो तेवढा विरोधही ते प्रवाहाला करत नाहीत. हे अपेक्षितच होते. खरे आश्चर्य स्टीलने दाखवले. लग्नात आलेला जाड, वजनदार स्टीलचा टोप चालेना आणि बाजारातून आणलेले हलके पातेले मात्र चालले. ज्या स्टीलवर 18/8 असा शिक्का असतो, त्यात 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, आणि निकेलमुळे त्या स्टीलला चुंबक धरत नाही. भांडे उत्तम प्रतीचे असणे आणि इंडक्शनला चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग मधल्या मारुतीजवळच्या बाजारात भांडी घ्यायला गेले, तेव्हा फ्रिजवरचा चुंबक पर्समध्ये टाकून नेला. दुकानदार म्हणाले, "ताई, स्टील म्हटल्यावर चालणारच की!" मी चुंबक पातेल्याच्या काठाला लावला, तो चिकटला, आणि दुकानदारांचा चेहरा फुलला. तोच चुंबक पातेले उपडे करून बुडाला लावला, तर घसरून खाली पडला. याचे कारण मला नंतर समजले: काही प्रकारचे स्टील मुळात चुंबकाला दाद देत नाही, पण पत्रा ओढून, वाकवून पातेल्याचा आकार देताना जिथे त्यावर जास्त ताण पडतो, तिथे, म्हणजे काठाला आणि कोपऱ्यांना, थोडे चुंबकत्व येते. म्हणून चुंबक लावायचा तो बुडालाच, तोही मधोमध आणि कडेला असा दोन-तीन ठिकाणी, आणि तो खेचून काढावा लागेल इतका घट्ट बसला तरच भांडे घ्यायचे.

चुंबक चिकटला म्हणजे काम संपले असेही नाही. बूड सपाट हवे. दुकानाच्या काचेवर पातेले ठेवून काठावर बोटाने दाबले आणि ते डुगडुगले, तर ते परत ठेवावे, कारण बूड आणि वेटोळे यांच्यात अंतर वाढले की उष्णता कमी होते. पातळ पत्र्याचे भांडे शेगडीवर चालते खरे, पण मोठ्या आचेवर ते गुणगुणल्यासारखा आवाज करते, काही महिन्यांत त्याचे बूड फुगते आणि दूध तर त्यात हमखास करपते. आमच्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरली ती तिपदरी बुडाची भांडी: आत स्टील, मध्ये उष्णता पसरवणारा ॲल्युमिनियमचा जाड थर आणि बाहेरून चुंबक धरणारे स्टील. फरक पाहायचा असेल तर बोटभर पाणी घालून पातेले तापवावे. पातळ बुडात पहिले बुडबुडे बांगडीच्या आकारात उठतात, नेमके खालच्या वेटोळ्यावर, आणि मधला भाग शांत राहतो. जाड बुडात ते सगळीकडून सारखे येतात. ती बांगडी पाहिल्यावर आपले पिठले नेहमी एकाच गोलात का लागते, हे मला विचारावे लागले नाही.

बुडाचा व्यास साधारण 12 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर बहुतेक शेगड्या ते भांडे ओळखतच नाहीत, त्यामुळे फोडणीचे कढले इंडक्शनवर चालत नाही. न चालणाऱ्या भांड्याखाली ठेवायची लोखंडी चकती बाजारात मिळते; मी ती घेतली आणि महिन्याभरात अडगळीत टाकली. चकती आधी तापते, तिची धग काचेला लागते, भांड्यापर्यंत निम्मीच पोहोचते, आणि शेगडी अति तापल्याची खूण दाखवून मध्येच बंद पडते. कुकर घेताना मात्र पूर्ण स्टीलचा किंवा बुडात स्टीलचा पत्रा पक्का बसवलेला, इंडक्शनसाठीच केलेला घ्यावा, आणि शिट्टी नेहमीपेक्षा लवकर होते हे लक्षात ठेवावे. एक लिटर पाणी 2000 वॅटवर तीन-सव्वातीन मिनिटांत उकळते आणि त्याला सुमारे 0.1 युनिट वीज लागते, यावरून वेगाची कल्पना यावी.

आता भाकरी. सोलापुरात राहून इंडक्शनवर लिहायचे आणि भाकरीचे नाव काढायचे नाही, हे शक्य नाही. आपला लोखंडी तवा मधोमध खोलगट असतो, त्यामुळे तो काचेवर भिंगरीसारखा फिरतो आणि तापतो तो फक्त टेकलेल्या ठिकाणी. म्हणून सपाट बुडाचा बिडाचा तवा आणला. तो थेट मोठ्या आचेवर ठेवू नये. मध्येच कडकडीत आणि कडेला गार अशा विषम तापण्याने बीड तडकू शकते, म्हणून आधी पाच-सहा मिनिटे 600-800 वॅटवर त्याला सावकाश तापू द्यावे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचे पीठ असेल तर भाकरी तव्यावर सुरेख पडते, वरचे पाणी सुकते, उलटल्यावर पापुद्राही सुटतो, पण ज्या क्षणी ती तव्याखालच्या जाळावर टाकून टम्म फुगवायची, त्या क्षणी इथे जाळच नसतो. कापडाच्या बोळ्याने कडा दाबत फिरवली तर ती बऱ्यापैकी फुगते. सासूबाईंच्या मते ती भाकरी नसून जाड पोळी आहे, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. भाकरी गॅसवर आणि भात, आमटी, दूध, भाजी इंडक्शनवर, ही आमच्या घरची वाटणी आहे. कडक भाकरी मात्र या तव्यावर उत्तम होते, कारण तिला जाळ नको असतो, लहान आचेवर वाळवत ठेवणारा वेळ हवा असतो.

भांड्यांपेक्षा मोठी चूक मी विजेच्या बाबतीत केली. ओट्याजवळ मोठा पॉइंट नव्हता, म्हणून मोठ्या पिनेवर कन्व्हर्टर चढवून मिक्सरच्या लहान सॉकेटात शेगडी लावली. दोन आठवडे काही झाले नाही. मग एका संध्याकाळी वरण उकळत असताना जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. आधी वाटले पातेल्याची मूठ तापली, पण वास भिंतीकडून येत होता. बटण बंद करून थोड्या वेळाने पिन ओढली, तर कन्व्हर्टरचे एक भोक तपकिरी होऊन वितळले होते. हिशेब साधा आहे: 2000 वॅटची शेगडी 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह ओढते आणि लहान सॉकेट 6 अँपिअरसाठी असते. शेगडीला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, पुरेशा जाडीची तार आणि खरोखर जोडलेले अर्थिंग हवे. एक्स्टेंशन बोर्डावर ती चालवू नये, आणि त्याच पॉइंटवर गीझर किंवा इस्त्री तर मुळीच नको. वायरमनला बोलावून वेगळी तार ओढून घेण्याचा खर्च मला शेगडी घेण्याआधी सुचायला हवा होता. वीज गेली तर घरचा साधा इन्व्हर्टर हा भार उचलत नाही, म्हणून भरलेला सिलिंडर घरात असतोच.

दुसरा धडा फोडणीने दिला. गॅसवर तेल टाकून मोहरीचा डबा शोधायला सवड मिळते. इंडक्शनवर 1600 वॅटला ठेवलेल्या कढईतले दोन चमचे तेल डबा हाती येईपर्यंत धुरकटले, आणि मोहरी पडताच काळी झाली. तेल असेच तापत राहिले तर पेट घेऊ शकते. फोडणीला 600-800 वॅट पुरतात, आणि मोहरी, जिरे, हळद, कढीपत्ता आधी हाताशी मांडून मगच बटण दाबावे. पडद्यावर दिसणाऱ्या तापमानावरही विसंबू नये, कारण ते मोजणारा भाग काचेखाली असतो आणि तेल किती तापले हे त्याला उशिरा कळते. चुकून पेट घेतलाच तर शेगडी बंद करून कढईवर झाकण सरकवावे. पाणी कधीही ओतू नये. रिकामे नॉनस्टिक भांडेही तापत ठेवू नये, कारण 260 अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब होऊ लागतो आणि ही मजल इंडक्शनवर एक-दोन मिनिटांत गाठली जाते.

शेगडीला श्वास घ्यायला जागा लागते, हे आमच्याकडे कोणी सांगितले नव्हते. ओटा खराब होऊ नये म्हणून मी तिच्याखाली जाड सोलापुरी टॉवेल अंथरला होता, आणि खालच्या पंख्याची वाट त्यानेच अडली होती. आता ती उघड्या ओट्यावर, भिंतीपासून चार बोटे दूर असते. शेजारी परातीत भाकरी थापली तर उडणारे पीठ हा पंखा आत ओढतो. एकदा दुरुस्तीसाठी शेगडी उघडली तेव्हा आत पिठाचा थर आणि त्याच्या वासाने आलेली दोन मेलेली झुरळे निघाली. स्वयंपाक झाल्यावर पंखा काही वेळ फिरत राहतो, तेव्हा लगेच भिंतीवरचे बटण बंद करू नये.

काचेबद्दल थोडेच सांगते. भांडे उचलल्यावरही ती बराच वेळ चटका देते, म्हणून सासूबाईंच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे ठरले, की उतरवलेल्या भांड्याचे झाकण काच निवेपर्यंत तिच्यावर उपडे घालायचे. मात्र ते शेगडी बंद केल्यावरच, कारण चालू शेगडीवर झाकण, चमचा किंवा सुरी ठेवली तर तीही तापू शकते. गरम काचेवर गार पाणी ओतू नये, बिडाचा तवा तिच्यावरून ओढू नये, आणि गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेच्या, दिवसांत तिळगुळाचा पाक सांडला तर काच कोमट होताच पुसावा. पाक करताना आणखी एक गंमत दिसते: लहान आचेवर पुष्कळ शेगड्या संथ चालत नाहीत, त्या काही सेकंद जोरात चालून मग थांबतात, त्यामुळे पाक उसळतो आणि बसतो, आणि गोळीबंद कधी झाला ते हुकते. काचेला केसाएवढी जरी चीर गेली, तरी त्या दिवसापासून शेगडी वापरू नये, कारण सांडलेले पाणी त्या चिरेतून विजेच्या भागांपर्यंत पोहोचते.

गेल्या वर्षी सासऱ्यांना पेसमेकर बसला. डॉक्टरांना मुद्दाम विचारले, तेव्हा त्यांनी चालू इंडक्शनपासून किमान 60 सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट, लांब राहायला सांगितले. ज्यांच्या घरी पेसमेकर आहे त्यांनी आपापल्या डॉक्टरांना हे विचारून घ्यावे. सासऱ्यांचा पहाटे पाचचा चहा मात्र चुकत नाही, आणि दोन फुटांवरून चहा ढवळता येत नाही, त्यामुळे शेगडी आता ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेली आहे आणि त्यांच्यासाठी गॅस मोकळा आहे. मोडीत घालायच्या भांड्यांच्या पिशवीतून त्यांनी ते जर्मनचे पातेले स्वतः बाहेर काढले.