तुम्ही विचारलंत म्हणून: आधी गोष्टच का?

दरवर्षी नागपूरला गेले की विहारात कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. यंदा आमच्या गल्लीतल्या एका काकांनी विचारला, तोही जरा दुखावलेल्या आवाजात. “ताई, तिकडची माणसं एवढी शिकलेली. त्यांना तुम्ही लहान पोरांच्या गोष्टी सांगता? प्रतीत्यसमुत्पाद सांगा, अनात्म सांगा. नाहीतर त्यांना वाटायचं, आपला धम्म म्हणजे एवढंच.”

प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे कुठलीच गोष्ट कारणांवाचून घडत नाही हा विचार, आणि अनात्म म्हणजे आपल्यात कायम टिकणारा ‘मी’ नाही हा. काकांची काळजी मला पटते. १९५६ साली ज्यांच्या आईवडिलांनी दीक्षाभूमीवर उभं राहून, समजून-उमजून हा धम्म घेतला, त्यांना तो कुणी पोरकट समजलेला कसा चालेल? म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात राहते, पाली शिकवते. बुद्धाबद्दल काहीच न वाचलेल्यांसाठी इंग्रजीत आठ-दहा पानांच्या पुस्तिका लिहिते. एका पुस्तिकेत एकच गोष्ट. दर गुरुवारी संध्याकाळी गावच्या लायब्ररीत बारा-पंधरा जण जमतात आणि आम्ही ती मिळून वाचतो.

सुरुवातीला मीही चार आर्यसत्यांपासूनच (दुःख, त्याचं कारण, त्याचा शेवट आणि त्या शेवटाकडे नेणारा मार्ग) आरंभ केला होता. ‘दुःख’ म्हणजे ‘सफरिंग’ असं फळ्यावर लिहिलं आणि पहिल्याच संध्याकाळी एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे आयुष्य म्हणजे नुसता त्रास? फारच निराशावादी आहे हे.” त्या दिवशीचा उरलेला सगळा वेळ तो एक शब्द सावरण्यात गेला. पालीतल्या ‘दुक्ख’मध्ये मरणाचा शोक आहे, तशीच सुखात असतानाही मनाला लागून राहिलेली हुरहुरसुद्धा आहे. ‘सफरिंग’मध्ये ती हुरहुर मावत नाही. शून्यतेचं तेच. शून्यता म्हणजे कुठलीच वस्तू आपल्यापुरती स्वतंत्र नसणं. तिकडे तिचा अर्थ होतो पोकळी. निर्वाण म्हणजे तृष्णा विझणं, तिकडे त्याचं होतं संपून जाणं. हे शब्द इंग्रजीत दीडेकशे वर्षं वावरताहेत, त्यांना तिथले अर्थ चिकटलेत, आणि वाचक ते अर्थ घेऊनच पुस्तक उघडतो. गोष्टीत हे शब्दच नसतात. एक बाई असते, तिच्या कडेवर मेलेलं मूल असतं, आणि मूठभर मोहरी.

किसा गोतमीची गोष्ट वाचायच्या दिवशी मी मिसळणाच्या डब्यातली मोहरी सोबत नेते आणि प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर ठेवते. त्यांच्या लेखी मोहरी म्हणजे बाटलीतली पिवळी चटणी. म्हणून आधी सांगावं लागतं, की आमच्याकडे घरात काही नसलं तरी फोडणीपुरती मोहरी असतेच, आणि शेजारणीनं मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. हे कळल्याशिवाय गोष्ट कळत नाही. मूल जिवंत करा म्हणून आलेल्या आईकडे बुद्धानं सगळ्यांत साधी वस्तू मागितली, आणि अट घातली ती एकच: ज्या घरात आजवर कुणी मेलेलं नाही, त्या घरातून आण.

इथे मी वाचन थांबवते. विचारते, पहिल्या दाराशी काय झालं असेल? मग तेच सांगायला लागतात. घरातली बाई वाटीत मोहरी घेऊन येते, गोतमी अट सांगते, आणि पुढे आलेला हात तसाच थांबतो. कुणी म्हणतं, त्या घरात आजी गेली असेल. कुणी म्हणतं, धाकटा मुलगा. हळूहळू कळतं की सांगणारा आपल्याच घरातलं सांगतोय.

आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एक प्रश्न येतो: त्यानं मूल जिवंत का नाही केलं? ही माणसं ज्या गोष्टी ऐकत वाढली, त्यांत येशू लाझारसला थडग्यातून उठवतो. त्यामुळे प्रश्न अगदी मनापासून विचारलेला असतो, आणि मला विचाराल तर सगळं बौद्ध तत्त्वज्ञान या प्रश्नाच्या दारातच उभं आहे. बुद्धानं तिला ‘सर्व अनित्य आहे’ असं ऐकवलं नाही. त्यानं तिला चालायला लावलं. दार मागून दार तिनं स्वतः मोजलं. निघाली तेव्हा तिच्याजवळ फक्त तिचं दुःख होतं. परतली तेव्हा गावातल्या घराघरांतलं तिला ठाऊक झालं होतं. मग तिनं आपल्या हातांनी मुलाला स्मशानात ठेवलं. मागच्या हिवाळ्यात एक आजीबाई पहिल्यांदाच आल्या होत्या, नवरा जाऊन दोन महिने झाले होते. तासभर त्यांनी मूठ उघडली नाही. जाताना उघडली तेव्हा मोहरीचे दाणे घामानं तळव्याला चिकटून बसले होते. एकेक करून त्यांनी ते रुमालात काढले आणि रुमाल पर्समध्ये ठेवला.

ही गोष्ट पश्चिमेत घरोघरी पोचवली ती एडविन अर्नोल्ड यांच्या ‘द लाइट ऑफ एशिया’ या १८७९च्या काव्यानं. पुढे डेक्कन कॉलेज म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्याच्या सरकारी कॉलेजचे ते तरुणपणी प्राचार्य होते. त्यांच्या इंग्रजी ओळीत बुद्ध काळी मोहरी मागतो ती ‘तोळा’भर. तो शब्द त्यांनी तसाच ठेवला. मी दर वेळी तिथे क्षणभर थांबते.

आता ‘शिकलेल्यांना गोष्टी कशाला’ याबद्दल. काका, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मिनँडर नावाचा ग्रीक राजा होता, आपला मिलिंद. मोठा वाद घालणारा. तो आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद वाचा. राजा दर थोड्या वेळानं म्हणतो, “ओपम्मं करोहि.” उपमा द्या, दाखला द्या. एक दिला की आणखी एक मागतो. नागसेन विचारतात, महाराज, रथातून आलात ना? मग आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा नाही-नाही म्हणत जातो आणि शेवटी स्वतःच कबूल करतो, की या सगळ्यांच्या आधारानं ‘रथ’ हे नाव पडतं, एवढंच. आमच्याकडे एकजण सायकलवर येतात. मी विचारते, सीट म्हणजे सायकल का? चेन? हँडल? पाच मिनिटांत सगळे सायकल सोडून स्वतःकडे वळतात. अनात्म हा शब्द तोवर कुणी उच्चारलेलाही नसतो.

पण गोष्टीत धोका आहे, तेही सांगायला हवं. बुद्धाच्या चरित्राची गोष्ट मध्ययुगातच युरोपात पोचली होती. अरबी, जॉर्जियन, ग्रीक अशी भाषा बदलत गेली आणि ‘बोधिसत्त्व’चा झाला ‘जोसाफत’, ख्रिस्ती संत! कॅथलिक संतांच्या यादीत २७ नोव्हेंबर हा त्याचा दिवस होता. राजपुत्र, म्हातारा, रोगी, सगळे शाबूत राहिले, आणि विचार वाटेत गळून पडला. म्हातारा, आजारी, प्रेत पाहून बुद्धानं घर सोडलं, या मूळ गोष्टीलाच बाबासाहेबांनी तर प्रश्न विचारला: एकोणतिसाव्या वर्षापर्यंत या माणसानं यातलं काही पाहिलंच नव्हतं, हे कसं पटावं? आपल्या ग्रंथात त्यांनी गृहत्यागाचं कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य (बुद्धाचं कुळ) आणि शेजारच्या कोलियांत झालेल्या भांडणात मांडलं. किसा गोतमीला मात्र जागा दिली. मी गोष्टी निवडते त्या याच कसोटीवर. चमत्कारावर उभी असलेली गोष्ट मी घेत नाही, मग ती कितीही गोड असो.

आणि तात्पर्य लिहीत नाही. एका प्रकाशकानं माझ्या पाच पुस्तिका छापायला घेतल्या आणि प्रत्येक गोष्टीखाली ‘यातून आपण काय शिकलो’ अशी चौकट टाकली. मोहरीच्या गोष्टीखाली लिहिलं होतं, ‘मृत्यू अटळ आहे’. मी पुस्तिका परत घेतल्या. गोतमी जे दारोदार फिरून मिळवते, ते वाचकाच्या हातात असं आयतं ठेवलं तर तिनं चालायचं तरी कशाला?

लहान पोरांची गोष्ट म्हणालात, तर धर्मानंद कोसंबी आठवा. गोव्यातल्या या तरुणाच्या हाती ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातलं छोटंसं बुद्धचरित्र आलं. त्याच ओढीनं १८९९ साली त्यांनी घर सोडलं, नेपाळ, सिलोन पालथं घातलं आणि १९१० साली हार्वर्डला बसून ‘विसुद्धिमग्ग’ या बौद्ध साधनेवरच्या कठीण पाली ग्रंथाच्या संपादनाला हात घातला.

तरी काकांनी निघताना पुन्हा विचारलंच, “मग प्रतीत्यसमुत्पाद कधी?”

गेल्या खेपेला नवव्या गुरुवारी. नागसेनांचा दिवा वाचत होतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीही नाही, दुसरीही नाही. सायकलवाले गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे हे आहे म्हणून ते आहे, असंच सगळीकडे चाललंय. याला तुमच्यात काही नाव आहे का?” मी फळ्यावर लिहिलं, ‘पटिच्चसमुप्पाद’, आधी देवनागरीत आणि मग रोमन लिपीत. त्यांनी ते अक्षर-अक्षर वहीत उतरवून घेतलं, आणि पुढचे तीन गुरुवार आम्ही एकही गोष्ट वाचली नाही.