लिंकर अडला 'चुका'पाशी

जून-जुलैत मासेमारी बंद. हर्णैला बोटी वर ओढून झापांनी झाकलेल्या. दादाच्या बोटीवरच्या जीपीएसमधून उतरवलेल्या नोंदी माझ्याकडे होत्या. त्यातल्या प्रत्येक ओळीत '*' नंतर चेकसम, म्हणजे ओळ नीट आली का हे पडताळायचा आकडा असतो: '$' आणि '*' यांच्या मधल्या सगळ्या अक्षरांचा एक्सॉर (बिट वेगळे असतील तिथे १ देणारी क्रिया). हा हिशोब असेंब्लीत (प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या भाषेत) लिहून, शेअर्ड लायब्ररी (चालताना इतर प्रोग्रामांना जोडली जाणारी फाइल) करून सी भाषेतून वापरायचा होता.

आधी हा हिशोब करणारं 'तपास' हे फंक्शनच सापडेना. असेंबलर लेबल आपणहून बाहेर दाखवत नाही, '.ग्लोबल तपास' लिहावं लागतं. बाद ओळी मोजणारं 'चुका' हे व्हेरिएबल दुसऱ्या फाइलीत होतं, म्हणून त्यालाही '.ग्लोबल' लावलं. आणि फाइली जोडून लायब्ररी करणारा लिंकर अडला: 'चुका'साठीचं पीसी-३२ रिलोकेशन (ते इथून किती बाइट दूर, हे भरायची नोंद) शेअर्ड ऑब्जेक्टमध्ये चालणार नाही, 'एफपीआयसी' लावून परत कंपाइल करा. मी तो फ्लॅग दोनदा लावला. पण तो सीच्या कंपायलरला कळतो. असेंब्लीतल्या सूचना हाताने लिहिलेल्या, त्या तो बदलत नाही.

संध्याकाळी लाइट गेली, तेव्हा कागदावर मांडून पाहिलं. आमच्या वाडीत 'बाळा' म्हणून हाक मारली की तिघं ओ देतात. शेअर्ड लायब्ररीतल्या ग्लोबल सिम्बॉलचं, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या नावाचं तेच. मुख्य प्रोग्रामात त्याच नावाचं व्हेरिएबल असेल, तर प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणारा डायनॅमिक लिंकर तेच धरतो. मग 'चुका' इथून किती बाइट दूर आहे, हे लिंक करतानाच कसं ठरवणार? त्यासाठी पत्ता जीओटी या पत्त्यांच्या तक्त्यातून घ्यायचा: आधी 'चुका@गॉटपीसीरेल(%आरआयपी)' रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या जागेत) आणायचं, मग त्या पत्त्यावर एक मिळवायचा.

तसं केल्यावर लायब्ररी झाली. पण 'चुका' बाहेर दिसायची गरजच काय? बाहेरच्यांसाठी 'चुकासांग' हे फंक्शन होतंच. म्हणून 'चुका'चं '.ग्लोबल' तसंच ठेवून '.हिडन चुका' जोडलं. आता नाव दोन्ही फाइलींना दिसतं, लायब्ररीबाहेर नाही, आणि जीओटी न वापरणारी माझी मूळ सरळ ओळही चालली. मला हेच जास्त पटलं.

लायब्ररीच्या आतली माहिती दाखवणाऱ्या रीडएल्फमध्ये फंक्शनांपुढे 'नोटाइप' आणि साइज ० दिसत होतं, तिथे '.टाइप' आणि '.साइज' भरले. '.नोट.ग्नू-स्टॅक' हा रिकामा सेक्शनही घातला, नाहीतर स्टॅक (तात्पुरत्या माहितीची मेमरी) एक्झिक्यूटेबल, म्हणजे तिथून कोड चालवता येईल असा धरला जातो.

शेवटी बाहेर दिसणारी नावं दाखवणाऱ्या 'एनएम -डी'मध्ये माझी दोनच नावं उरली, 'तपास' आणि 'चुकासांग'. नोंदी तपासल्या, तर बाद ओळी बहुतेक अर्ध्यावर तुटलेल्या निघाल्या.